नकाशावरचा ठिपका कोणासाठी हलतो?

तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कोणी वयस्कर माणूस अमेरिकेत डायलिसिसला, केमोला किंवा फिजिओथेरपीला जात असेल, तर तुमच्या फोनवर कधी ना कधी एक लिंक आली असेल. लिंक उघडली की नकाशा येतो, नकाशावर छोटीशी गाडी असते आणि खाली ओळ असते : तुमची गाडी 11 मिनिटांत पोचेल. मग ती गाडी हळूहळू सरकते. मध्येच थांबते. एखाद्या वळणावरून भलतीकडेच जाते आणि 11 ची 19 मिनिटं होतात. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून तुम्ही ते बघत बसलेले असता.

आपण पुस्तकांवर लिहितो, नाटकांवर लिहितो, कोणत्या वेबसिरीजचा शेवट फसला यावर तावातावाने भांडतो. पण ज्या पडद्याकडे आपल्यातली कितीतरी माणसं आठवड्यातून तीनदा जीव मुठीत धरून पाहतात, त्या पडद्याची समीक्षा कोणी करत नाही. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात काय सांगितलं आहे आणि काय गाळलं आहे, हे प्रश्न एखाद्या कादंबरीला विचारावेत तसे यालाही विचारायला हवेत. या लेखात तेवढंच करायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हा ठिपका खोटं बोलतो अशी माझी तक्रार नाही. बहुतेक वेळा तो खरंच बोलतो. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न प्रवाशाने विचारलेलाच नसतो.

ही गाडी आली कुठून?

अमेरिकेत याला नॉन-इमर्जन्सी मेडिकल ट्रान्सपोर्टेशन म्हणतात. सायरन वाजवत जाणारी ॲम्ब्युलन्स वेगळी. जीव आत्ता धोक्यात नाही, पण डॉक्टरपर्यंत पोचलं नाही तर लवकरच येईल, अशा माणसाला नेणारी ही साधी व्हॅन, व्हीलचेअरचा रॅम्प असलेली गाडी किंवा कधी कधी चक्क टॅक्सी. मेडिकेड ही योजना 1965 साली सुरू झाली. कार्ड दिलं पण दवाखान्यात जायला गाडी नाही, तर त्या कार्डाचा उपयोग काय, हा साधा विचार या सोयीमागे आहे. कित्येक दशकं ही जबाबदारी केंद्राच्या नियमांत होती. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या मोठ्या खर्चाच्या कायद्यात ती थेट कायद्याच्या मजकुरात आली.

इथे एक विसंगती लक्षात घ्या. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांना वयाची अट न लावता मेडिकेअरमध्ये घेण्याचा कायदा अमेरिकेने 1972 मध्ये केला. उदार कायदा होता, त्यामुळे असंख्य माणसं जगली. पण मूळ मेडिकेअर डायलिसिसच्या खुर्चीचे पैसे देतं, त्या खुर्चीपर्यंत नेणाऱ्या साध्या गाडीचे देत नाही. ॲम्ब्युलन्सशिवाय नेणं धोक्याचं आहे असं डॉक्टरने लिहून दिलं, तर गोष्ट वेगळी. काही खाजगी मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना वर्षाला ठरावीक फेऱ्या देतात. बाकीच्यांना मेडिकेडची गाडी, नाहीतर मुलगा-सून, नाहीतर शेजारी.

‘मेडिकेड म्हणजे आपल्यासाठी नव्हे’ असं आपल्या मंडळींत अजून दबक्या आवाजात बोललं जातं. प्रत्यक्षात ग्रीन कार्डवर आलेले कितीतरी आईवडील, सहसा लागू होणारी पाच वर्षांची अट आणि प्रायोजकाचं उत्पन्न मोजण्याची अट पार पडली की, या योजनेत येतात. त्यांच्या नावावर इथे ना पगार असतो, ना पेन्शन. त्यामुळे ही गाडी आपल्याही दाराशी थांबते. फक्त मंडळाच्या गणपतीत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

गाडी सरकारची नसते, हेही सांगायला हवं. 2005 च्या एका कायद्याने राज्यांना हे काम ब्रोकर कंपन्यांकडे सोपवणं सोपं झालं. बऱ्याच राज्यांत ब्रोकरला दर माणसामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते, मग त्या माणसाने महिन्यात दहा फेऱ्या मारल्या काय किंवा एकही मारली नाही काय. ब्रोकर ते काम छोट्या व्हॅन कंपन्यांना देतो आणि त्या कंपन्या ड्रायव्हरला. म्हणजे तुमच्या सासूबाई आणि सरकार यांच्यामध्ये किमान तीन हात आहेत. प्रत्येक हाताला खालच्या हातावर लक्ष ठेवायचं असतं. नकाशावरचा ठिपका जन्माला आला तो या अविश्वासाच्या पोटी.

ठिपका कसा तयार होतो?

यंत्रणा तशी सोपी आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह वेळेचे संकेत पाठवत असतात. त्यातल्या किमान चौघांचे संकेत मिळाले की ड्रायव्हरच्या फोनला किंवा गाडीतल्या पेटीला स्वतःची जागा कळते. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि हे सगळं शक्य झालं. आज मोकळ्या आभाळाखाली साधा स्मार्टफोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा हॉस्पिटलच्या बहुमजली पार्किंगमध्ये हाच हिशेब बिघडतो, कारण संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत. आणि रुग्णाला उतरवायची जागा नेमकी अशा ठिकाणीच असते.

जागा कळली की ती ठरावीक अंतराने सर्व्हरकडे जाते. तुमच्या घराभोवती आणि दवाखान्याभोवती संगणकात एक अदृश्य वर्तुळ आखलेलं असतं, त्याला जिओफेन्स म्हणतात. गाडी त्या वर्तुळात शिरली की ‘पोचली’ अशी नोंद. ड्रायव्हर बटण दाबतो, ‘प्रवासी बसला’ अशी नोंद. पुन्हा वर्तुळ, पुन्हा बटण, ‘उतरला’. शेवटी पडद्यावर बोटाने काढलेली वाकडीतिकडी सही. या चार-पाच नोंदी जुळल्या की बिल तयार होतं.

याची गरज का पडली, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. या धंद्यात न झालेल्या फेऱ्यांची बिलं लावली गेली आहेत. माणूस हॉस्पिटलात भरती असताना त्याला घरून क्लिनिकला नेल्याचं कागदावर दाखवलं गेलं, एका व्हॅनमध्ये चौघांना बसवून चार स्वतंत्र फेऱ्यांचे पैसे घेतले गेले. केंद्राच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी केलेल्या तपासण्यांत वेगवेगळ्या राज्यांतल्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा त्रुटी सापडल्या. हा पैसा शेवटी गरिबांच्या औषधपाण्याचा आहे. त्यामुळे जीपीएसची नोंद मागण्यात गैर काही नाही. घरी येणाऱ्या मदतनीसांसाठी तर 2016 च्या एका केंद्रीय कायद्याने सेवा कोणी दिली, कुठे दिली, कधी सुरू झाली आणि कधी संपली याची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. गाड्यांना तो कायदा जसाच्या तसा लागू नाही, पण वारं त्याच दिशेने वाहतं आहे.

तेव्हा ठिपक्याचा पहिला वाचक तुम्ही नाही. पहिला वाचक हिशेबनीस आहे. तुमच्या फोनवर येते ती त्याच मजकुराची नक्कल, थोडी रंगवून.

वर्तुळाच्या आतलं काय दिसत नाही?

हिशेबनिसासाठी लिहिलेला मजकूर रुग्णाला वाचायला दिला की काय होतं, ते बघू.

गाडी वर्तुळात शिरली, घड्याळ सुरू झालं. ड्रायव्हरला काही मिनिटं थांबायची मुभा असते, त्यानंतर तो ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही, असं नोंदवून जाऊ शकतो. आता त्या काही मिनिटांत काय काय घडायला हवं? आजी तिसऱ्या मजल्यावर राहतात. वॉकर आहे. दाराला दोन कुलपं आहेत. लिफ्ट खाली गेली आहे. फोन वाजतो तेव्हा त्या चपला घालत असतात आणि फोन पर्सच्या तळाशी असतो. पलीकडून इंग्रजीत रेकॉर्ड केलेला आवाज काहीतरी सांगतो. त्या खाली येतात तेव्हा व्हॅनचे मागचे दिवे वळणावर दिसत असतात. नोंदीत हे सगळं एका शब्दात बसतं, ‘नो-शो’. आणि असे काही ‘नो-शो’ साठले की ‘तुम्ही सेवेचा गैरवापर करत आहात’ अशा सुराचं पत्र घरी येऊ शकतं.

नोंद खोटी नाही. गाडी आली होती, वर्तुळात थांबली होती. पण वर्तुळ रस्त्याच्या कडेला आखलेलं आहे आणि माणूस दाराआड आहे. बुकिंग करताना ‘कर्ब टू कर्ब’ आणि ‘डोअर टू डोअर’ असे दोन प्रकार असतात. पहिल्यात गाडी फुटपाथशी थांबते, दुसऱ्यात ड्रायव्हर दारापर्यंत येऊन हात देतो. डायलिसिस करून रक्तदाब खाली गेलेल्या माणसासाठी हा फरक पडून हाड मोडण्याचा आणि न मोडण्याचा आहे. पाच मीटरच्या अचूकतेला तो दिसूच शकत नाही. ड्रायव्हर उतरला की बसून राहिला, दोन्हीचा ठिपका सारखाच.

परतीची फेरी तर याहून वाईट. जाताना वेळ ठरलेली असते. येताना डॉक्टर कधी सोडेल हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून बऱ्याचदा ‘झालं की फोन करा’ अशी व्यवस्था असते. तुम्ही फोन केला की फेरी रांगेत लागते, ड्रायव्हर ठरतो आणि मगच नकाशावर ठिपका उगवतो. त्याआधीच्या वेळेला नकाशाच नसतो. म्हणजे वाट पाहण्यातला सर्वांत लांब आणि सर्वांत अनिश्चित तुकडा या पडद्यावर उमटतच नाही. आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझे सासरे सकाळी डायलिसिसला जात, चार तासांची बैठक, आठवड्यातून तीनदा. एका हिवाळ्यात सेंटरच्या दरवाजापाशी ते दोन तासांहून जास्त वेळ कोट घालून बसले होते. मी नंतर तक्रार केली तेव्हा पलीकडच्या बाईंनी नम्रपणे पडद्यावरचं वाचून दाखवलं : गाडी दिल्यापासून 14 मिनिटांत पोचली आहे, फेरी वेळेत झाली आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या कागदावर सासऱ्यांचे पावणेदोन तास अस्तित्वातच नव्हते.

आपल्याकडे फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणारा माणूस निदान शेजारच्याला ‘येईल का हो?’ असं विचारू शकतो. चहाच्या टपरीवाल्याला मागच्या गाडीची खबर असते. इथे वाट पाहणाऱ्याजवळ फक्त पडदा असतो आणि तो गप्प असला की विचारायला कोणी नसतं. डिस्पॅचरचा नंबर लावला तर ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’.

ब्रोकरांसंबंधीच्या केंद्रीय नियमात एक सुंदर शब्द आहे. गाडी वेळेवर हवी आणि नेणारी माणसं परवानाधारक, पात्र, सक्षम असावीत, एवढ्यावर नियम थांबत नाही. ती सौजन्यशील असावीत, असंही त्यात आहे. कायदा लिहिणाऱ्याला बहुधा माहीत होतं की आजारी माणसाच्या प्रवासात सौजन्य हा चैनीचा भाग नसतो. पण वेळ मोजायला यंत्र आहे, परवाना तपासायला यादी आहे, सौजन्य मोजायला काहीच नाही. मग जे मोजता येतं तेच हळूहळू काम ठरतं. जे मोजता येत नाही ते ड्रायव्हरच्या स्वभावावर सोडलं जातं.

ड्रायव्हरच्या बाजूने

त्या ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी त्याच्या सीटवर क्षणभर बसून बघा. बहुधा तोही आपल्यासारखाच बाहेरून आलेला. बऱ्याच ठिकाणी व्हॅन कंपनीला पैसे मिळतात ते प्रवासी गाडीत असतानाच्या मैलांचे. रिकामी गाडी घेऊन तुमच्या दाराशी यायला लागलेले मैल त्यात धरले जात नाहीत, किंवा एका ठोक रकमेत गुंडाळले जातात. जीपीएसला दोन्ही मैल सारखेच दिसतात, बिल मात्र एकाच प्रकारच्या मैलांचं होतं. मोजायला सगळं, द्यायला थोडं, हा हिशेब त्याला रोज कळतो.

शिवाय गाडीतली पेटी त्याने ब्रेक किती जोरात दाबला, वळण किती वेगात घेतलं, इंजिन चालू ठेवून किती वेळ थांबला हेही पाठवू शकते. आजींना दारापर्यंत हात धरून नेलं तर पुढची फेरी पाच मिनिटांनी उशिरा आणि तो उशीर त्याच्या नावावर. चांगुलपणाची नोंद नाही, चांगुलपणाला लागलेल्या वेळेची मात्र आहे. अशा व्यवस्थेत जो ड्रायव्हर तरीही उतरून रॅम्पपाशी उभा राहतो, तो पदरचे पैसे घालून सौजन्य करत असतो.

पोचल्याचा फोन

आता जरा आपल्याकडे वळू. या ठिपक्याचे दुसरे वाचक आपण, म्हणजे मुलं, सुना, जावई, आणि लिंक व्हॉट्सॲपवर पुढे ढकलली गेली की पुण्या-नाशिकचे भाऊबहीण. इथे सकाळी नऊ वाजता बाबा डायलिसिसला निघतात तेव्हा तिथे संध्याकाळ असते. जेवणाच्या ताटावर फोन ठेवून ताई ठिपका बघते. मग ग्रुपवर मेसेज : गाडी हायवेला का थांबलीये? इथला भाऊ दचकतो. गाडी पेट्रोल भरत असते.

यात माया आहे, हे कोणी नाकारणार नाही. दूर राहणाऱ्याला दुसरं करता तरी काय येतं? पण आपल्याच जुन्या रीतीशी तुलना करून पाहा. ‘पोचलास की फोन कर’ हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकलं आहे. त्याआधी पोचल्याचं पत्र असे, कधी तार असे, नंतर एसटीडी बूथवरून केलेला पैसे वाचवणारा फोन, नंतर नुसता मिस्ड कॉल. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. पोचल्याची बातमी पोचलेला माणूस स्वतः देत असे. कधी द्यायची, किती सांगायचं, ‘प्रवास ठीक झाला’ या तीन शब्दांत काय झाकायचं, हे त्याच्या हातात होतं. आईने कधी रस्त्यात आलेली चक्कर सांगितली नाही आणि तो तिचा हक्क होता.

ठिपक्याने ती बातमी प्रवाशाच्या हातून काढून घेतली. आता बाबांनी फोन करायच्या आधीच आपल्याला माहीत असतं की ते पोचले. मग फोन कशाला? आणि फोन झालाच नाही तर ‘आज सुई टोचताना फार दुखलं’ हे कोणाला सांगणार? जागा कळली की माणूस कळला असं आपल्याला वाटू लागतं. प्रत्यक्षात आपल्याला व्हॅन कळलेली असते.

आणखी एक. त्यांना कोणी विचारलं का? बुकिंग मुलाच्या नावाने, लिंक मुलाच्या फोनवर, ॲप मुलाच्या पासवर्डने. सत्तर वर्षं स्वतःच्या पायांवर वावरलेला माणूस गाडीत बसतो आणि त्याच्या प्रवासाची माहिती त्याच्याशिवाय सगळ्यांना असते. त्यांच्याजवळ स्मार्टफोन नसेल किंवा इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल, तर गाडी किती लांब आहे हे खिडकीत उभ्या असलेल्या त्यांनाच तेवढं ठाऊक नसतं.

ठिपका पुसला जातो का?

प्रवास संपला की पडद्यावरून ठिपका जातो. नोंद जात नाही, कारण बिलाचा पुरावा म्हणून ती वर्षानुवर्षं ठेवावी लागते. आणि ही नोंद पिझ्झाच्या गाडीच्या नोंदीसारखी निरुपद्रवी नसते. सोमवार-बुधवार-शुक्रवार, पहाटे साडेपाच, तेच सेंटर, चार तास : हे वाचायला डॉक्टर लागत नाही. रोज सकाळी मेथाडोन देणाऱ्या क्लिनिकला जाणारी फेरी, दर पंधरवड्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारी फेरी, हीही निदानंच आहेत, फक्त रस्त्यांच्या भाषेत लिहिलेली.

नाव काढून टाकलं की झालं, असं कोणी म्हणेल. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या होत्या. वेळ आणि जागा मिळून केवळ चार बिंदू हातात असले तर त्यातल्या 95 टक्के माणसांचा माग वेगळा ओळखू येतो, असं त्यात दिसलं. आपल्या गाडीच्या बाबतीत तर चारही नकोत. एक टोक घर आहे आणि दुसरं टोक आजार.

1996 च्या हिपा कायद्याचं कवच इथे बऱ्याच अंशी आहे. योजना, दवाखाने आणि त्यांच्या वतीने रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या कंपन्या त्याखाली येतात. पण ते कवच माहिती कोणाच्या हातात आहे यावर ठरतं. तुम्ही लिंक ग्रुपवर टाकलीत, तिथून पुढे तो कायदा तुमच्याबरोबर येत नाही. तुमच्या स्वतःच्या फोनवरचं हवामानाचं किंवा कूपनांचं ॲप तुम्ही आईला घेऊन दवाखान्यात गेलात ते टिपत असेल, तर तेही बाहेरच. हा भीतीचा बाऊ नाही. दवाखान्यांसारख्या संवेदनशील जागांचा माग देणारी माहिती विकल्याबद्दल केंद्रीय व्यापार आयोगाने 2022 मध्ये कोचावा या कंपनीवर खटला भरला, आणि 2024 च्या जानेवारीत एक्स-मोड या दुसऱ्या कंपनीला अशी माहिती विकायला मनाई केली. बाजार होता, म्हणूनच मनाई करावी लागली.

मग ठिपका नको का?

हवा. मी तो काढून टाका असं म्हणत नाही. अंधारात, बर्फात खिडकीशी उभं राहण्यापेक्षा गाडी वीस मिनिटं लांब आहे हे कळणं केव्हाही बरं. तक्रार एवढीच की ही नोंद आज एकाच बाजूची साक्ष देते. ती दोन्ही बाजूंची साक्षीदार होऊ शकते, पण त्यासाठी आपण तिला प्रश्न विचारायला हवेत.

बुकिंग करताना ‘डोअर टू डोअर’ची गरज स्पष्ट सांगा आणि ती नोंदवून घ्या. सोबत माणूस लागत असेल तर तेही त्याच वेळी विचारा. मेसेजऐवजी किंवा मेसेजबरोबर घरच्या फोनवर कॉल येऊ शकतो का, दुभाषा मिळू शकतो का, हे विचारायला लाजू नका. प्रत्येक फेरीला क्रमांक असतो, तो लिहून ठेवा. त्याच्यापुढे स्वतःच्या तीन वेळा लिहा : परतीचा फोन कधी केला, गाडी कधी आली, घरी कधी पोचलो. ही साधी वही त्यांच्या सर्व्हरमध्ये नसलेली माहिती आहे. ‘नो-शो’ लागला आणि तो चुकीचा असेल तर त्या फेरीची जीपीएस नोंद मागा : गाडी नेमकी कुठे थांबली, किती वेळ थांबली, फोन केला का. पार्किंगच्या चुकीच्या बाजूला थांबलेली गाडी तीच नोंद उघडी पाडते. फेरी नाकारली किंवा सेवा बंद केली तर मेडिकेडमध्ये सुनावणी मागण्याचा हक्क आहे. तो ग्रीन कार्डवाल्या लाभार्थ्यालाही आहे आणि तो वापरल्याने कोणाचं नाव काळ्या यादीत जात नाही.

राज्य आणि ब्रोकर यांच्याकडून मागायच्या गोष्टी वेगळ्या. घड्याळ गाडी ठरल्यापासून नव्हे, रुग्णाने फोन केल्यापासून सुरू व्हावं. ‘पोचली’ ही नोंद रस्त्यावरच्या वर्तुळाऐवजी प्रवाशाला गाडी दिसल्यावर धरावी. ड्रायव्हरने दारापर्यंत जायला घेतलेली मिनिटं उशीर म्हणून नव्हे, काम म्हणून मोजावीत आणि त्यांचे पैसे द्यावेत. यात नवं यंत्र काहीच लागत नाही. उपग्रह तेच, फोन तोच. मोजमाप कुठून सुरू करायचं तेवढं बदलायचं आहे. 2020 च्या कायद्यात ड्रायव्हर आणि कंपन्यांसाठी किमान अटींची यादी आहे : वाहन परवाना, बंदी घातलेल्यांना मज्जाव, अमली पदार्थांच्या कायद्याचा भंग झाल्यास काय करायचं, वाहन चालवण्याचा इतिहास. त्या यादीत रुग्णाच्या वाट पाहण्याबद्दल अक्षर नाही. आपल्यातले जे आता इथले नागरिक आहेत, मत देतात, आमदाराच्या कार्यालयात ओळख ठेवून आहेत, त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाच्या परवानगीबरोबर हाही विषय काढायला हरकत नाही.

आणि घरातल्या घरात एक गोष्ट कायद्याशिवाय करता येईल. लिंक आधी त्यांच्या हातात द्या. अक्षरं मोठी करून द्या, गाडीचा रंग आणि नंबर कुठे दिसतो ते दाखवा. लिंक कोणाकोणाला पाठवायची ते त्यांनाच विचारा. त्यांनी ‘ताईला नको, ती उगाच काळजी करते’ असं म्हटलं, तर ताईला पाठवू नका. आणि ठिपका दवाखान्याच्या वर्तुळात शिरलेला दिसला तरी ‘पोचलात की फोन करा’ असं त्यांना सांगाच. मग तो फोन आला की ‘हो, बघितलं मी’ असं म्हणून ठेवू नका. त्यांना काय सांगायचंय ते ऐकून घ्या.